इंजिनाची स्मरणशक्ती

आमच्या गाडीत पिवळा दिवा लागल्याचं माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला कामावर परत रुजू व्हायला एकोणीस दिवस उरले होते. त्या दिव्याचा आकार इंजिनासारखा असतो म्हणे. मला तो नळ बसवलेल्या कासवासारखा दिसला. मी नवऱ्याला तो दाखवला.

“कधीपासून लागलाय हा?”

“असेल बरेच दिवस,” तो म्हणाला. “लागतोय ना? मग चालू आहे.”

नवरा छापखान्यात नोकरीला आहे. सकाळी सहाला निघतो आणि गाडीला हात लावत नाही. गाडी त्याच्या वडिलांची, चालवते मी, आणि तिच्याबद्दल मतं सगळ्यांना. त्यामुळे दिव्याची काळजीही माझ्याच वाट्याला येणार हे ओघानंच आलं. तशी आमच्या घरात काळजी या खात्याचं काम मीच बघते. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना हे बघायचं, आणि उठलं की का उठलं हे बघायचं, अशा दोन पाळ्यांत मी नऊ महिने काढले होते. तापाची नोंद ठेवायला एक वही केली होती. ताप नसला तरी तीत ‘नाही’ असं लिहायचं आणि पुढे वेळ घालायची. सासूबाई म्हणायच्या, “एवढं तर मी तिघांचं मिळून नाही बघितलं.” त्या तिघांपैकी एक माझ्या पदरात पडलेला असल्यामुळे मी गप्प बसायची.

आता अडचण नीट सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी हौसेनं केलं असा गैरसमज व्हायला नको. बाळ रांगायला लागलं आणि सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, दोन्ही एकाच आठवड्यात. म्हणून पाळणाघर शोधलं. चांगलं मिळालं, पण ते गावाच्या एका टोकाला आणि माझी पाणी तपासणीची प्रयोगशाळा दुसऱ्या टोकाला. बसनं जायचं तर दोनदा बदलायची, आणि पहिली बस सुटते तेव्हा पाळणाघराचं दार बंद झालेलं असतं. पाळणाघरवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “सोमवारी, एक तारखेला, आठच्या आत बाळ दारात पाहिजे. आठनंतर जागा यादीतल्या पुढच्या बाळाची. मग मला फोन करून रडायचं नाही.” म्हणजे गाडी हवीच. आणि नेमकी त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत त्या वयस्कर गाडीची सरकारी तपासणी व्हायची होती. पिवळा दिवा लागलेली गाडी तपासणी केंद्राच्या फाटकातूनच परत पाठवतात. दाखला नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर पाळणाघर नाही, पाळणाघर नाही तर नोकरी नाही. एवढ्याशा कासवाच्या पाठीवर माझा सगळा संसार होता.

मेकॅनिककडे गेले. त्यानं दिव्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “लॅपटॉप लावायला लागेल, ताई. लॅपटॉप भावाच्या गॅरेजला गेलाय. गाडी ठेवून जा, पंधरा दिवसांत बघू.”

ज्या बाईला एकोणीस दिवसांत नोकरी, पाळणाघर आणि बाळाचं बाटलीनं दूध पिणं अशा तीन गोष्टी जुळवायच्या आहेत, तिला पंधरा दिवस हा शब्द ऐकवू नये. मी घरी आले, बाळाला मांडीवर झोपवलं आणि एका हातानं फोनवर शोधलं. तेव्हा कळलं की काडेपेटीएवढा एक अडॅप्टर मिळतो. तो गाडीतल्या एका सॉकेटमध्ये बसवायचा, फोन त्याला ब्लूटूथनं जोडायचा, की इंजिनाला काय होतंय ते इंजिन स्वतःच सांगतं. मी लगेच मागवला.

“बाळाला असं काही लावता आलं असतं,” नवरा म्हणाला, “तर आम्हाला तरी झोप मिळाली असती.”

अडॅप्टर आला. सॉकेट कुठे आहे, हे मात्र त्याच्यासोबतच्या कागदावर नव्हतं. ‘स्टिअरिंगच्या खाली’ एवढंच होतं. स्टिअरिंगच्या खाली पुष्कळ काही असतं. गेल्या वर्षीची पावती असते, बाळाचा मोजा असतो, विरघळून परत घट्ट झालेली बिस्किटं असतात. शेवटी मी सीटवर पाठ टेकून डोकं पेडलजवळ नेलं आणि पाय उघड्या दारातून बाहेर सोडले. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी जे व्यायाम सांगितले होते त्यांत हा नव्हता.

“सूनबाई, काही सांडलं का?” माझ्या पायांना उद्देशून कुणीतरी विचारलं.

हे दप्तरकाका. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे प्रमुख होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खोलीतला एकही कागद गहाळ नव्हता, हे ते स्वतः सांगतात आणि ते खरं असावं, कारण त्यांच्याकडे आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचीसुद्धा जन्मतारीख आहे. त्यांची फिकट रंगाची गाडी आमच्या गाडीला लागून उभी असते. तीत ते रोज सकाळी नऊ वाजता बसतात, पट्टा लावतात, इंजिन सुरू करतात, दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचतात आणि इंजिन बंद करून उतरतात. गाडी तसूभर हलत नाही. पण सुरू केल्याची वेळ वहीत लिहिली जाते.

“नाही काका,” मी खालून म्हणाले. “सॉकेट शोधते आहे. इंजिनाशी बोलायचं आहे.”

काकांनी थोडा विचार केला. “मग पुढून जा. इंजिन पुढे असतं.”

वरच्या गॅलरीतून बाळाला कडेवर घेतलेल्या सासूबाईंचा आवाज आला, “ओढू नका हो तिला, ती स्वतःहून आत गेली आहे.”

अर्ध्या तासानं सॉकेट सापडलं. बाहेर आले तेव्हा निम्मी इमारत जमली होती. एकानं ताण कमी करायला सांगितला, एकानं गाडी विकायला. दोघांचाही सल्ला योग्य होता हे मला आता कळतं.

पण त्या दिवशी फोन जोडला गेला आणि मला पहिल्यांदा जग समजल्यासारखं वाटलं. इंजिनाचं तापमान, मिनिटाचे फेरे, बॅटरीचा दाब, सगळं आकड्यांत. नऊ महिने मी अशा जिवाशी झगडत होते ज्याला काय दुखतंय ते सांगता येत नाही. आणि इथे लोखंडाचा गोळा शहाण्यासारखा सांगत होता की तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे. मी ते तापाच्या वहीत, मागच्या पानापासून, तारीख आणि वेळ घालून लिहिलं.

मेकॅनिकला फोन केला. “तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे,” मी म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“फोन म्हणाला.”

पलीकडे थोडा वेळ पान्यांचा आवाज आला. मग तो म्हणाला, “मग औषधही त्यालाच विचारा ना, ताई.” आणि फोन ठेवला.

असा अपमान झाला की शिकलेली माणसं व्हिडिओ बघतात. ठिणगी चुकते म्हणजे बहुतेक वेळा स्पार्क प्लग खराब झालेला असतो, तो घरच्या घरी बदलता येतो, असं व्हिडिओतला माणूस म्हणत होता. त्याला आठ मिनिटं लागली. मला सहा दिवस लागले, कारण मी बॉनेट उघडलं की तिसऱ्या मजल्यावर बाळ उठायचं. बॉनेटचा आणि बाळाचा काय संबंध होता हे विज्ञानाला माहीत नसेल, मला आहे. प्लग आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, “साहेब नाही आले?” त्यावर ‘साहेबांना प्लग म्हटलं की मिक्सरचा आठवतो’ असं उत्तर मला सुचलं. पण दोन दिवसांनी सुचलं.

प्लग बसला. इंजिन गुरगुरायचं थांबलं. दिवा मात्र तसाच. ॲपच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं की दोष गेला तरी इंजिन तो लक्षात ठेवतं, त्यासाठी ‘पुसा’ हे बटण आहे.

याच सुमारास दप्तरकाकांनीही अडॅप्टर मागवला. माझ्यासारखाच, त्याच दुकानातून, त्याच काळ्या रंगाचा. “मला काही दोष शोधायचा नाही,” ते म्हणाले. “तेरा वर्षांत या गाडीत एक दिवा लागलेला नाही. पण तापमान वहीत लिहिता येईल.” बसवायलाही मीच गेले. आता मला डोकं पेडलजवळ नेण्याचा सराव होता. “आधी तुमच्या फोनला जोडून बघा,” काका म्हणाले. “काही बिघडलं तर माझा फोन नको बिघडायला.” जोडून बघितला. चालला. मग त्यांच्या फोनला जोडला. काकांनी तो सॉकेटमध्ये कायमचा ठेवला. मी माझा रोज काढून घरी न्यायची, कारण त्यानं बॅटरी उतरते असं कुठेतरी वाचलं होतं, आणि मी एकदा वाचलेली भीती सोडत नाही.

सोमवारपासून शेवटचा आठवडा सुरू झाला. बाळ सकाळी नऊला झोपतं, म्हणून मी नऊला खाली जायची. शेजारच्या गाडीत काका पट्टा लावून वर्तमानपत्र वाचत असायचे. मी अडॅप्टर लावायची, किल्ली फिरवायची, फोन जोडायची. पहिल्याच दिवशी फोननं एक नाही, चार दोष दाखवले. बॅटरीचा दाब अपुरा, कुठलासा पंखा, कुठलीशी झडप, आणि चौथ्यासमोर नुसतं ‘इतर’. तिसऱ्या सिलिंडरचं नाव नाही. म्हणजे मी एक प्लग बदलला आणि चार आजार लावून ठेवले. चारही वहीत लिहिले आणि ‘पुसा’ दाबलं. ‘सर्व दोष पुसले’ असं फोन म्हणाला. समोर दिवा जसाच्या तसा.

परत दाबलं. ‘सर्व दोष पुसले.’ दिवा तसाच.

ओटा पुसून झाल्यावर परत एकदा पुसणाऱ्या बाईच्या हातात असलं बटण देऊ नये. सोमवार ते बुधवार मी ते अकरा वेळा दाबलं. घरी सल्ले चालूच होते.

“त्यावर काळी चिकटपट्टी लाव,” सासूबाई म्हणाल्या.

“तपासणीवाला काढेल ना ती.”

“मग पांढरी लाव.”

नवरा म्हणाला, “फोन म्हणतोय दोष नाही. दिवा म्हणतोय आहे. दोघांना समोरासमोर बसव.”

त्याच तीन दिवसांत मी पाळणाघरापर्यंत तीन वेळा गाडी नेऊन आणली होती. बाळाला घेऊन, घड्याळ लावून, सोमवारची रंगीत तालीम म्हणून. बुधवारी तिसऱ्या फेरीहून परत येताना वळणावर बघितलं, तर दिवा गेला होता. आपोआप. मी गाडी बाजूला घेतली आणि बाळाला सांगितलं, “गेला.” बाळानं मोजा काढून दाखवला. अकरा वेळा पुसल्याचं फळ, असं मी मनात म्हटलं. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी शिकवण्या घेतल्या असत्या.

गुरुवारी दप्तरकाका त्यांची गाडी तपासणीला घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, चार फायली, मूळ खरेदीची पावती. दुपारी परत आले ते गाडीतून उतरेनातच. मी बाळाला घेऊन खाली गेले. काच खाली होती.

“नापास केली,” ते समोर बघत म्हणाले. “कारण काय, तर इंजिनाची मेमरी मुद्दाम पुसलेली आढळली. पुसल्यानंतर फक्त सात किलोमीटर चालली आहे म्हणे. सात म्हणजे इथून केंद्रापर्यंत. मला विचारलं, काका, काय लपवताय?” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला नाही. “चौतीस वर्षं, सूनबाई. कागद इकडचा तिकडे नाही झाला.”

“त्यांचं यंत्रच बिघडलं असेल, काका,” मी म्हणाले. मनापासून म्हणाले, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

शुक्रवारी मी गेले. केंद्रातल्या साहेबांनी वायर लावली, पडद्याकडे बघितलं आणि दाखल्यावर शिक्का मारला. “छान. तुमची मेमरी कधीच कुणी पुसलेली नाही. नाहीतर लोक दिवा घालवायला पुसतात आणि इथे येतात. दोष दुरुस्त केला आणि गाडी तीन वेळा नीट चालवली की दिवा आपला आपण जातो. पण लोकांना धीर नसतो.”

“कधीच नाही?” मी विचारलं.

“कधीच नाही.”

मी अकरा वेळा पुसली होती. हे मी बोलले नाही. दाखला पर्समध्ये घातला आणि घरी येईपर्यंत एकदाही आनंद झाला नाही.

शनिवारी नऊला खाली गेले. अडॅप्टर लावला, किल्ली फिरवली, फोन जोडला. आठशे फेरे. बरोबर. मग मी इंजिन बंद केलं. फोनवर आठशे फेरे. मी किल्ली काढली. आठशे. गाडीतून उतरले, दार लावलं, चार पावलं लांब गेले. बंद पडलेल्या गाडीचं इंजिन माझ्या तळहातात मजेत फिरत होतं. अशा वेळी मनात काय काय येतं ते लिहीत नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. शेवटी मी अडॅप्टरसुद्धा उपटून हातात घेतला. एका हातात अडॅप्टर, दुसऱ्या हातात फोन, फोनवर आठशे.

तेवढ्यात शेजारच्या गाडीत दप्तरकाकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि इंजिन बंद केलं. फोनवर शून्य आलं.

प्रयोगशाळेत आमचा पहिला नियम आहे की दोन बाटल्यांवर एकच नाव लिहायचं नाही. आठ वर्षांत माझ्या हातून दोन विहिरींचं पाणी कधी एकत्र झालं नाही. आणि इथे एकाच नावाचे दोन अडॅप्टर मी स्वतःच्या हातानं एकाच फोनला जोडून दिले होते, आणि फोन रोज नऊ वाजता, इंजिन आधीपासून चालू असलेली गाडी बघून, तिला जाऊन बिलगत होता. ते चार आजार काकांच्या गाडीचे. ते अकरा वेळा पुसणं काकांच्या गाडीचं. माझ्या गाडीच्या मेमरीला मी हातही लावला नव्हता, म्हणून ती पास झाली होती.

मी वर येऊन नवऱ्याला सांगितलं. “कुणाला माहीत आहे?” त्यानं विचारलं.

“तुला आणि मला.”

“मग मला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं,” तो म्हणाला आणि चहा ठेवायला गेला.

माझी बाजू अशी होती की मला सोमवारी आठ वाजता पोचायचं आहे, दाखला हातात आहे, गाडी तयार आहे. हे प्रकरण सोमवारनंतर उघडलं तरी चालेल. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण दुपारी दाराची घंटा वाजली आणि दप्तरकाका चार पानी तक्रार घेऊन आत आले. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, परिशिष्ट अ आणि ब. “फक्त साक्षीदाराची सही हवी आहे,” ते म्हणाले. “तुमचं नाव घातलंय. बघा बरोबर आहे का.”

मी वाचलं. ‘तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी, पदव्युत्तर शिक्षण, वाहनांच्या निदानातील जाणकार.’

“काका, मी जाणकार नाही.”

“विनय राहू द्या. सही इथे.”

“काका, तुमची गाडी मी पुसली.”

काकांनी पेनाचं टोपण लावलं. “कधी?”

“सोमवार, मंगळवार आणि बुधवार. नऊ ते नऊ दहा. अकरा वेळा.” मग मी सगळं सांगितलं. मध्ये बाळ रांगत आलं आणि परिशिष्ट ब घेऊन गेलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“म्हणजे,” काका हळूच म्हणाले, “पुसण्यासारखं काहीतरी होतं.”

“चार दोष होते.”

“चार.” हा घाव पुसण्यापेक्षा मोठा होता, मला दिसलं. “मोठे होते?”

“किरकोळ होते. गाडी नुसती उभी राहून आलेले. एक ‘इतर’ होता.”

“इतर,” ते म्हणाले. “इतर नावाची फाईल मी रेकॉर्ड रूममध्ये ठेवू दिली नाही कधी.” मग त्यांनी विचारलं, “लिहून ठेवलेत?”

मी तापाची वही आणून मागच्या पानावर उघडून दिली. त्यांनी चष्मा लावला. चारही नोंदी बोटानं वाचल्या. मग बोट समासावर थांबलं. “वेळ घातली आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा सैल झाला. “मग पुसलं गेलं असं म्हणता येणार नाही. जागा बदलली.” तक्रारीच्या चार पानांची त्यांनी घडी घातली. “पण सोमवारी दुपारी बारापर्यंत गाडी परत दाखवायची आहे. नाहीतर सगळा अर्ज नव्यानं.”

केंद्रानं त्यांना एक कागद दिला होता. स्मरणशक्ती परत यायला गाडीला काय पथ्य, त्याचा. इंजिन रात्रभर गार हवं. अडीच मिनिटं जागेवर चालू. मग वीस मिनिटं एकाच वेगानं, ब्रेकला हात न लावता. असं दोन वेगवेगळ्या दिवशी.

“मोठ्या रस्त्याची मला आता सवय नाही,” काका म्हणाले. “तुम्ही चालवाल.”

विचारलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. नोंदवलं होतं.

रविवारची फेरी नीट झाली. बाह्यरस्ता गोल आहे, सिग्नल नाहीत, एक वेढा नऊ मिनिटांचा. सोमवारच्या फेरीला एकच वेळ शक्य होती, कारण नंतर मी कामावर असणार. पाळणाघर त्याच रस्त्यावर आहे. तेव्हा बाळाची सीट काकांच्या गाडीत बांधायची, सव्वासातला निघायचं, वीस मिनिटं फिरायचं, पावणेआठच्या आत बाळ दारात, आणि तिथून काका त्यांच्या वेगानं मला प्रयोगशाळेत सोडणार. कागदावर उत्तम होतं. काकांनी कागदावर लिहिलंही होतं.

सोमवारी सगळं वेळेवर झालं. अडीच मिनिटं झाली. आम्ही निघालो. काका शेजारी मांडीवर वही आणि हातात घड्याळ घेऊन. मागे बाळ. मी नऊ महिन्यांनी साडीत. सातव्या मिनिटाला पाळणाघर डाव्या बाजूनं गेलं. बाई फाटक उघडत होत्या. सोळाव्या मिनिटाला परत गेलं. आता बाई फाटकाशी वही घेऊन उभ्या होत्या. आणि अठराव्या मिनिटाला पाण्याचा एक टँकर कुठलाही विचार न करता समोर आला.

मी ब्रेक दाबला.

“ब्रेक,” काकांनी लिहिलं. “सात चाळीस. वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.”

“काका, आठला मला...”

“मला माहीत आहे. आठ म्हणजे आठ.” त्यांनी वही मिटली. “सोडून द्या. मी करतो नवा अर्ज.”

माझ्यासमोर दोन रस्ते होते असं लिहायला बरं वाटतं, पण रस्ता एकच होता आणि गोल होता. त्यांच्या पावतीची फाईल मागच्या सीटवर बाळाच्या पायाशी होती. बाळ तिचा कोपरा चघळत होतं आणि त्या माणसानं ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

“घड्याळ लावा,” मी म्हणाले.

पुढचा वेढा कसा गेला ते मला आठवत नाही. फक्त पाळणाघर आठवतं. सात सत्तेचाळीसला ते डावीकडून गेलं. बाई फाटकातच होत्या आणि त्यांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. “बाई बघतायत,” मी म्हणाले. “बघू देत,” काका म्हणाले, “वेग सांभाळा.” सात छप्पन्नला परत. या वेळी माझे डोळे भरून आले होते आणि मला रस्त्याशिवाय कुठेही बघायचं नव्हतं, तरी बघितलं. बाईंच्या हातात पेन होतं. मागून बाळानं काहीतरी मोठ्यानं सांगितलं.

“वीस,” काका म्हणाले. “झालं.”

परत फिरून दारात पोचले तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मी बाळाला उचललं, पिशवी उचलली. चप्पल नीट घातली गेली नव्हती. फाटकापर्यंत येता येता मी वाक्य तयार केलं. अडॅप्टर, मेमरी, शेजारी, वीस मिनिटं. कुठूनही सुरू केलं तरी ते वेडगळ वाटत होतं.

“बाई, मला उशीर झाला. सांगते काय झालं ते.”

“नका सांगू,” बाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं आणि बाळ गेलंसुद्धा, नवीन माणसाचं नाक बघायला. “मी मघापासून बघते आहे. चार वेळा पुढे गेलात. पाय निघत नाही पहिल्या दिवशी. एक आई तर दुपारपर्यंत कोपऱ्यावर उभी होती. म्हणून तुमची वेळ मी घातलीच नाही अजून.” त्यांनी वही उघडली. “आठ लिहिते.”

मी तोंड उघडलं. पण नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळेना. बाई बाळाला घेऊन आत गेल्या. खिडकीतून आतली खोली दिसत होती. खाली चटई होती, आणि तीन बाळं एकाच डब्यावर बसायला भांडत होती. बाई आमच्याला त्यांच्याजवळ ठेवत होत्या.

“सूनबाई,” काकांनी गाडीतून विचारलं, “इंजिन बंद करू का?”

“पाच मिनिटं राहू द्या चालू,” मी म्हणाले, आणि खिडकीपाशी गेले.